आपल्या मातीचा लाल

'आपल्या' हा शब्द संचालकांनी नंतर घातला होता, आणि तो वाचताना त्यांचा आवाज थोडा खाली आला, आजाऱ्याच्या खोलीत शिरताना माणसाचा येतो तसा. "या चित्रातला लाल हा आपल्या मातीचा लाल आहे." त्यांनी कागद टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांकडे पाहिलं. "आता कसं वाटतंय?" छान, असं कोणीतरी म्हणालं. आता पोचतं, असं दुसरं कोणी म्हणालं. मी चहाचा कप उचलला होता तो तसाच तोंडापाशी धरून बसले. चित्राखालच्या पाटीसाठी मी लिहून दिलेलं वाक्य वेगळं होतं. मी लिहिलं होतं की वरचा लाल आकार खालच्या करड्या पट्टीवर आता टेकेल असं वाटत राहतं आणि तो टेकत नाही. त्या उरलेल्या फटीकडे पाहावं. पाटीवर जेवढी जागा मिळते तेवढ्यात बसणारं वाक्य. ते जमवायला मी आठवडाभर डोकं खाजवलं होतं. ते गेलं होतं. फट गेली, पट्टी गेली, टेकणं-न-टेकणं गेलं, आणि त्या जागी माती येऊन पडली होती. मला एकदम दाताखाली खडा आल्यासारखं झालं. म्हणजे दुखलं असं नाही, पण पुढे चावता येईना.

चित्र माझ्या मावशीचं आहे. हे आमच्या संग्रहालयात सगळ्यांना माहीत आहे, आणि म्हणूनच इथे क्युरेटर झाल्यापासून मी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ते तळघरातल्या भांडारात, सरकत्या जाळीवर, एका सेनापतीच्या पोर्ट्रेटमागे लटकत होतं. अधूनमधून मी ओलावा तपासायच्या निमित्ताने खाली जायचे, जाळी ओढायचे, सेनापतीला बाजूला सारायचे आणि बघत उभी राहायचे. भाचीने मावशीला वर चढवलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी बाकी सगळ्यांची चित्रं वर आणली, अगदी ज्यांची मला बघवत नाहीत त्यांचीसुद्धा. मग हे नवे संचालक आले, देशाच्या आधुनिक कलेचं कायमचं दालन करायचं ठरलं, आणि एक दिवस त्यांनीच ती जाळी ओढली. "हे इथे काय करतंय?" असं त्यांनी विचारलं. माणसाला नजर आहे, हे मला नाकारता येत नाही. तेच तर अवघड आहे. नुसते मूर्ख असते तर मी केव्हाच भांडून मोकळी झाले असते.

बैठक संपल्यावर मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले.

"मातीचा काय संबंध?" मी म्हटलं. "ते चित्र परदेशात काढलंय. भाड्याच्या खोलीत, ऐन हिवाळ्यात. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. मातीचा कणसुद्धा दिसत नव्हता तिथून."

"मग तर आणखीच चांगलं. परक्या देशात बसून आठवलेली माती."

"तसं ती कधीच म्हणालेली नाही."

"अहो मॅडम, चित्रकार काय म्हणतात त्यावर आपण इतिहास लिहितो का?" हे वाक्य माझंच होतं. एका व्याख्यानात मी ते फेकलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या. संचालक तेव्हा समोरच बसले होते. "हे बघा, मी तुमच्याच बाजूचा आहे. दालनात माणूस येणार, लाल आकार बघणार आणि म्हणणार, हे तर तिकडचं आहे, ते लोक हे कधीच करून बसलेत. त्याला मी काय सांगू? फट बघ म्हणू?"

"हो."

"तो फट नाही बघणार. तो घड्याळ बघेल."

मला हसू आलं, आणि ते आलं याचाच जास्त राग आला. त्यांनी समजुतीच्या स्वरात पुढे सांगितलं की पाटी नकोच असेल तर दुसरं चित्र लावू, भांडारात चित्रांना तोटा नाही. "पण मला हेच हवंय. आणि खरं सांगा, तुम्हालाही हेच हवंय."

घरी चालतच गेले. 'तिकडचं' हा शब्द पायात आलेल्या दोरीसारखा होता, दर चार पावलांनी अडकत होता. मी तिकडे शिकायला गेले होते. आमचे प्राध्यापक फार गोड माणूस, कोटाच्या बाहीला कायम खडूची भुकटी. आधुनिक कलेचा इतिहास त्यांनी वर्षभर शिकवला, दर आठवड्याला एक शहर, त्यातला एक गट, त्या गटातली भांडणं, कोणाची बायको कोणाकडे राहायला गेली इथपर्यंत. आणि शेवटच्या तासाला, दिवे लावायच्या जरा आधी, पडद्यावर पाठोपाठ काही चित्रं सरकवली आणि म्हणाले, अशाच घडामोडी इतरत्रही झाल्या. इतरत्र. त्या इतरत्रात आमचा अख्खा देश होता, आणखी कितीतरी देश होते, एकमेकांच्या अंगावर पडलेले, शिंक यावी तेवढ्यात सरकून गेलेले. मी हात वर केला आणि मावशीच्या चित्राबद्दल बोलले, धाप लागल्यासारखी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. फारच रोचक, म्हणाले, पण त्यात खास तुमच्याकडचं असं नेमकं काय आहे? काही नाही म्हणावं तर ती नक्कल ठरत होती. आहे म्हणावं तर काहीतरी रचून सांगावं लागत होतं. त्यांच्यातल्या कोणी एक लाल आकार काढला तर तो सगळ्या मानवजातीचा असायचा, त्याला कोणी गाव विचारत नव्हतं. आमच्या लालला मात्र दारातच पासपोर्ट दाखवावा लागत होता. तेव्हाच मी ठरवलं होतं की घरी परतायचं आणि फक्त चित्राबद्दल बोलायचं, रंगाबद्दल, आकाराबद्दल, कडेबद्दल. आणि परत आले तर इथेही दारात तोच पासपोर्ट मागणारा उभा. टोपी वेगळी, एवढंच. आणि दोघांच्या मधे ती बिचारी चित्रासमोरची माणसं, जी मला आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आली आहेत, लग्नात, दवाखान्यात, लिफ्टमध्ये: हे मॉडर्न आर्ट समजायचं कसं हो? मी त्यांना दर वेळी सांगते की समजू नका, आधी बघा. ते मान डोलावतात आणि मग विचारतात, हो, पण त्याचा अर्थ काय?

माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. त्याला सगळं सांगितलं तर म्हणाला, "अक्कलदाढ कुठल्याही देशात सारखीच येते आणि सारखीच दुखते."

"तेच तर म्हणतेय मी."

"पण पेशंटला तसं सांगून चालत नाही. प्रत्येकाला वाटतं, आपली जरा जास्त दुखते." आणि तो शांतपणे जेवत राहिला. मी ताटं उचलताना गरजेपेक्षा जास्त आवाज केला.

रविवारी मावशीकडे गेले. तिची जागा तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांची. हात थरथरायला लागल्यापासून तिने रंग काढून टाकले, आणि आता दिवसभर टीव्हीचा आवाज बंद करून स्नूकर बघत बसते. खेळाचे नियम तिला ठाऊक नाहीत. हिरव्या टेबलावर चेंडूंचे रंग कसे सरकतात ते बघते. मी समोर बसले आणि बोलायला लागले तर तिने हात वर केला. "थांब. निळा जातोय." निळा गेला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "काय झालं? सासरहून भांडून आल्यासारखा चेहरा केलायस."

मावशीची एक गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती मी पाहिलीच आहे असं मला वाटतं. देश नवा होता. सगळ्यांना सगळं नवं आणि आपलं हवं होतं, गाणी, इमारती, चित्रं. मोठं राष्ट्रीय प्रदर्शन भरणार होतं आणि त्याच्या निवड समितीपुढे मावशी आपलं चित्र घेऊन उभी, वय जेमतेम पंचवीस. समितीतल्या एका ज्येष्ठ चित्रकाराने विचारलं, बाई, यात देश कुठे आहे? मावशी म्हणाली, चौकटीच्या मागे, खिळ्याला टांगलाय. चित्र नाकारलं गेलं. घरात ही गोष्ट निघाली की सगळे पोट धरून हसायचे, आजोबासुद्धा, ज्यांना तिची चित्रं उलटी की सुलटी हे कधी कळलं नाही. मी मात्र हसत नसे. मी ती गोष्ट देवघरातल्यासारखी जपली. पुढे ती परदेशी गेली, हे लाल चित्र तिथेच काढलं, तिथल्या एका गॅलरीवाल्याने हाच प्रश्न फार अदबीने विचारला, तिने काही उत्तर दिलं नाही आणि काही वर्षांनी परत येऊन मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागली. उभी बादली, आडवी बादली, बादली आणि तिची सावली. निवृत्त होईपर्यंत तेच. मी प्रबंध लिहिला, व्याख्यानं दिली, भांडणं केली, त्या सगळ्याच्या तळाशी ती खिळ्याची गोष्ट होती. एक बाई ताठ उभी राहिली होती आणि म्हणाली होती की चित्राला चित्र राहू द्या.

"मावशी, तो लाल कुठून आला होता?"

"कुठला?"

"तुझा. मोठ्या चित्रातला."

ती विचारात पडली. पूर्वी तिने एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं की तो संध्याकाळचा आहे. माझ्या आईला सांगितलं होतं की घरमालकिणीचा कोट तसा होता. मी कॉलेजात असताना विचारलं तर म्हणाली होती, ट्यूबमधून. आता म्हणाली, "नाही गं आठवत. बरा लागला होता मात्र."

मग मी तिला पाटीबद्दल सांगितलं. संचालकांचं वाक्य म्हणून दाखवलं. ती ऐकताऐकता फिसकन हसली. "मातीचा लाल? म्हणजे मुलगाच केला की माझा."

"हसू नकोस. मी त्यांना सांगणार आहे की हे लावायचं असेल तर चित्र काढून घ्या."

तिचं हसू गेलं. टीव्हीवर काहीतरी मोठं घडत होतं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आवाजाशिवाय. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वेड लागलंय का तुला?"

"अगं, पण ते खोटं आहे."

"असू दे. लिहू दे त्यांना मातीचा, विटेचा, टोमॅटोचा. वाचून होईपर्यंत तरी माणूस समोर उभा राहील ना?"

"आणि तू समितीला काय म्हणाली होतीस?"

"मूर्खपणा केला. जिभेला हाड नव्हतं तेव्हा." ती खुर्चीत सरळ झाली. "तुम्ही सगळे ती गोष्ट सांगून हसत बसलात. मी त्या दिवशी घरी येऊन न्हाणीघरात रडले, ते कोणी सांगत नाही. माझ्याबरोबर गेलेल्या एकीने चित्राला 'श्रम' असं नाव दिलं होतं. तिचं लागलं. तिचंही माझ्यासारखंच होतं, नुसते आकार. मी नाव दिलं असतं तर माझंही लागलं असतं. मला भिंत हवी होती गं. तत्त्व तुम्ही नंतर आणून चिकटवलंत."

मला तिचा राग आला, आणि तो इतका सपाटून आला की मीच दचकले. असं वाटलं की मी आयुष्यभर एका किल्ल्यावर पहारा दिला, आणि आतून आवाज येतोय की अगं दार उघड ना, बाहेर काय चाललंय ते तरी बघू दे. ती उठून, भिंतीला धरत धरत, चहा टाकायला गेली. मी टीव्ही बंद केला आणि तिला आवडणार नाही म्हणून परत लावला.

दुसऱ्या दिवशी मी संचालकांना सांगितलं की पाटी तशीच जाऊ दे. त्यांनी माझे हात हातात घेतले. "मला माहीत होतं," असं म्हणाले, आणि मला तिथल्या तिथे ते परत मागे घ्यावंसं वाटलं. पण त्यानंतर त्यांनी बाकीच्या चित्रांच्या पाट्याही माझ्याकडेच दिल्या, याच सुरात करा म्हणून, आणि मी केल्या. एकदा माती आली की पुढचं सोपं जातं, हे मला माहीत नव्हतं. एकाचा निळा मी आपल्या नद्यांचा केला. एकाच्या पिवळ्यात आपलं ऊन घातलं. एका बिचाऱ्याने सगळं काळंच रंगवलं होतं, त्याच्यासाठी आपली रात्र वापरावी लागली. दुपारी जेवायच्या सुट्टीपर्यंत एक अख्खी भिंत देशभक्त झाली. हात चालतच होता. एखादं चित्र दोन मिनिटंसुद्धा न बघता मी त्याच्यावर चार ओळी लिहीत होते, आणि त्या चांगल्या उतरत होत्या. टंकलेखक म्हणाली, "मॅडम, आता मलासुद्धा समजायला लागलं मॉडर्न आर्ट." ती मनापासून म्हणाली. मी तिला थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ हात धुतले.

दालन उघडायच्या दिवशी मावशीला आणायला संग्रहालयाची गाडी गेली. ती केस धुऊन, गडद निळे कपडे घालून आली होती आणि चाकाच्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. मग बसली. आत गर्दी होती, भाषणं झाली, एका पाहुण्याने कलेतून राष्ट्र स्वतःचा चेहरा बघतं वगैरे सांगितलं. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते. तिच्या विरळ केसांतून दिसणाऱ्या त्वचेकडे बघत होते आणि भाषण संपायची वाट पाहत होते. मग संचालकांनी स्वतः खुर्ची ढकलत तिला चित्रासमोर नेलं. माणसं बाजूला झाली, फोटोवाले पुढे आले. पाटीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिने खुर्ची जवळ न्यायला सांगितली, मग मागे, मग थोडी डावीकडे. मग कोणी काही बोललं तरी तिला ऐकू येईना. तिचे डोळे चित्रावरून फिरत होते, सावकाश, चोरासारखे. मी तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं, कारण तिच्या चित्रासमोर मी तिच्याबरोबर कधी उभीच राहिले नव्हते.

"कसं वाटतंय?" संचालकांनी वाकून विचारलं.

"कोपरा फसलाय," मावशी म्हणाली.

"काय झालंय?"

"खालचा डावा कोपरा. घाई केली मी तिथे. करडा मेलाय. त्यामुळे लाल उजवीकडे कलतो. तो कलायला नको, वर जायला हवा."

लोक हसले, प्रेमानेच हसले. मी कोपऱ्याकडे पाहिलं. आणि तो फसला होता. ओलं फडकं टाकावं तसा तिथला करडा पडला होता, त्यात जीव नव्हता, आणि त्याच्यामुळे वरचा सगळा डोलारा एका अंगाला घसरत होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. हे चित्र मी डोळे मिटून काढू शकेन असं मला वाटत होतं. त्याच्यावरून मी माणसांशी बोलणं सोडलं होतं. आणि त्याचा एक कोपरा फसलाय, हे मला कधी दिसलं नव्हतं. मी त्यात देश नाही एवढंच बघत आले होते, जसे संचालक त्यात देश आहे एवढंच बघत होते.

"होईल दुरुस्त," मावशी म्हणत होती. "थोडा पांढरा, थोडा पिवळा, वरूनच पातळ हात द्यायचा. घरी पाठवा. हात कापतो माझा, पण एवढं करते मी. दोन-चार दिवसांत परत देते."

संचालक तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. त्यांचे डोळे खरोखरच ओलावले होते. "मावशी, आता ते तुमचं कुठे राहिलं? आता ते देशाचं झालं." टाळ्या पडल्या. कोणीतरी फोटो काढला.

मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं तिने शाळेत आडवी बादली उभी काढणाऱ्या मुलीकडे पाहिलं असेल. "हो, पण कोपरा माझाय," असं म्हणून ती पुढे झुकली. तिने अंगठा जिभेला लावला आणि चित्राकडे हात नेला. भिंतीशी पहारेकरी होता, तो हलायच्या आधी मी तिचं मनगट धरलं. "मावशी, हात नको," मी म्हणाले. हा माझा घरातला आवाज नव्हता. रोज शाळेच्या सहलींना वापरते तो होता. मनगट काडीसारखं होतं, पण त्यात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. क्षणभर ती तिकडे ओढत होती आणि मी इकडे. मग तिने हात सैल सोडला.

परतताना गाडीत मी तिचा हात हातात घेऊन बसले होते. ती रागावली असेल असं धरून मी मनात वाक्यं जुळवत होते, की रंग जुना झालाय, तडे जातात, नियम असतात, मी तरी काय करणार होते.

"भिंत चांगली आहे," ती म्हणाली. "उजेडही बरा आहे."

"हो."

"तुला दिसला ना गं कोपरा?"

"दिसला."

"आधी?"

"नाही. आज तू सांगितलंस तेव्हा."

तिने मान हलवली. सिग्नलला गाडी थांबली होती. "बघायला हवं होतंस," ती म्हणाली, अगदी सहज, एखादी वस्तू दुकानात राहिली असं सांगावं तशी. "तुझ्या ताब्यात होतं ना ते इतकी वर्षं. तू येऊन सांगितलं असतंस तर करून टाकला असता. तेव्हा हात चालत होता माझा."

गाडी सुटली. तिने तिचा हात माझ्या हातातून हळूच काढून घेतला, खिडकीची काच खाली केली आणि बाहेर बघायला लागली.